"गोळ्या आजपासून बंद करा" म्हणणारा माणूस

बाबांचा आजार हाताच्या कंपाआधी सहीत उतरला होता. सही मुंगीएवढी झाली, जुळेना, म्हणून बँकेने चेक परत पाठवला. न्यूरॉलॉजिस्टनी कसलंही यंत्र लावलं नाही. बोटं भराभर जुळवायला सांगितली, चालायला लावलं, मागून खांदे ओढून तोल पाहिला आणि सांगितलं, कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. लेवोडोपा-कार्बिडोपाच्या गोळीने बाबा पुन्हा स्वतः शर्टाची बटणं लावू लागले.

चौथ्या वर्षी पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आतच आधीचीचा असर उतरू लागला. दुपारी बाबांना खुर्चीतून उठवेना. त्याच सुमारास जवळच्या मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर लागलं. तिथल्या माणसाने बाबांच्या मुठीत एक दांडी दिली, लॅपटॉपवर लाल पट्टे दाखवले. "नसा ८० टक्के ब्लॉक आहेत. गोळी आता चालत नाही, बघताय ना?" आम्ही ते रोज बघतच होतो, म्हणून पटलं. खाजकुहिलीच्या बियांत गोळीतलंच लेवोडोपा असतं, असंही तो म्हणाला. ते खरं आहे. पण त्याने दिलेल्या औषधाच्या पुडीत ते किती होतं, मुळात होतं का, कोण सांगणार? तीन महिन्यांचे ४२ हजार भरले. अट एकच, गोळ्या आजपासून बंद.

तिसऱ्या दिवशी बाबा लाकडासारखे ताठ झाले. फोन केला तर म्हणाला, "दादा, विष बाहेर पडतंय. आता गोळी दिलीत तर सगळं वाया." आणि मी ते ऐकलं. पाचव्या दिवशी १०३ ताप, असंबद्ध बडबड, पाणीही गिळवेना. ही गोळी एकदम तोडली की असं होतं, जीवही जाऊ शकतो, असं आयसीयूतल्या डॉक्टरांनी सांगितलं. नाकातल्या नळीतून तीच गोळी पुन्हा सुरू झाली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

दुपारच्या त्रासावर उपाय निघाला तो एवढाच: दोन गोळ्यांमधलं सहा तासांचं अंतर चारवर आणलं, आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिला शरीरात नीट पोचू देत नाहीत. हे विचारायला आम्ही डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो. तुमच्या घरी असं होत असेल तर गोळी किती वाजता दिली, असर कधी उतरला, हे आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. शिबिरात आमच्या मागे रांगेत आणखी दहा-बारा म्हातारी माणसं उभी होती.

बाबा आता काठी घेऊन चालतात. त्या पाच दिवसांआधी काठी लागत नव्हती.