उभी कड की आडवी? लॉन आणि वाफ्यांच्या मधली किनार ठरवताना

लॉन आणि फुलझाडांचे वाफे यांच्या मधे कड कशाची घालायची, हे ठरवताना बहुतेकांच्या डोक्यात चार पर्याय असतात: प्लास्टिकची पट्टी, तिरप्या रोवलेल्या विटा, सिमेंटचे तयार कर्ब (रस्त्याकडेला असतात तसे ठोकळे) आणि मातीच्या पातळीत आडवी बसवलेली विटांची किंवा दगडांची पट्टी. आमच्या नाशिकच्या घरी पहिले तीन वापरून झाले, आता चौथा आहे. लाकडी ओंडके मी मोजतच नाही. आपल्या पावसात ते कुजतात आणि उरलेलं वाळवी संपवते.

आधी गवताकडे बघा. आमच्याकडे हरळी आहे, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा. ती वरूनही पळते आणि खालूनही. ज्यांना आपण मुळ्या म्हणतो ती पांढरी, गाठाळ दोरी म्हणजे खरं तर जमिनीखालचं खोड. त्याच्या पेरापेराला नवा कोंब. 'हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो' असं आपण उगाच म्हणत नाही. तुमच्याकडे हळू वाढणारं मेक्सिकन गवत असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला थोडं सौम्य करून वाचायला हरकत नाही.

प्लास्टिकची पट्टी मी पहिल्या वर्षी घातली. वळणदार वाफ्याला इतकी सहज वळणारी दुसरी वस्तू नाही, आणि एका सकाळीत काम होतं. गुंडाळी तासभर उन्हात ठेवली तर ती मऊ पडते आणि सरळ बसते. पण एप्रिलच्या उन्हात ती फुगून दोन खुंट्यांच्या मधे लाटेसारखी वर आली, आणि कडेचं गवत ब्रश कटरने (फिरत्या दोऱ्याने गवत छाटणारं यंत्र) मारताना दोऱ्याने तिचा वरचा काठ कुरतडला गेला. भाड्याच्या घरात राहत असाल, किंवा वाफ्याचा आकार अजून पक्का ठरला नसेल, तर मी आजही प्लास्टिकच घ्या म्हणेन. त्यापलीकडे नाही.

मग तिरप्या विटा आल्या. करवतीच्या दातांसारखी ती लाल ओळ दिसते सुरेख, आणि आजोळच्या अंगणाची आठवण येते ती वेगळीच. माझा निर्णय मात्र इथेच फिरला, आणि त्याचं कारण तसं क्षुल्लक वाटेल.

गवत कापायच्या मशीनचं पातं चाकाच्या आत असतं. उभ्या कडेला चाक टेकलं की पात्याबाहेर चार बोटं गवत राहतंच. जुलै-ऑगस्टमध्ये लॉन दर आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, म्हणजे ते चार बोटं गवतही तितक्यांदा हाताने कापायचं. गुडघ्याखाली गोणपाट, हातात मोठी कात्री, आणि दोन दातांच्या मधल्या त्रिकोणी खाचेत कात्रीचं टोक घालून एकेक झुपका ओढायचा. खाचेत गोगलगाई असायच्या. पलीकडे वाफ्यातली ठिबकची नळी दोनदा माझ्याच कात्रीने कापली गेली. लॉन पाऊण तासात कापून व्हायचं आणि कडेला दीड तास लागायचा. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण रविवारची सकाळ कुठे जाते हे कळायला घड्याळ लागत नाही.

ब्रश कटरने हे काम उरकता येतं, हे खरं. ज्यांच्याकडे रोजचा माळी आहे त्यांना हा त्रास जाणवणारही नाही, आणि मग तिरप्या विटांना नाव ठेवायला मला फारशी जागा उरत नाही. लहान मुलं पळतात तिथे मात्र ते दात नकोत.

सिमेंटचे कर्ब मी दर्शनी बाजूला एका ठेकेदाराकडून बसवून घेतले होते. सांधे सिमेंटने भरले, काम नीटनेटकं दिसलं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. दुसऱ्या पावसाळ्यात सांधे उलले, दोन ठोकळे बाहेर कलले. त्याहून वाईट म्हणजे कर्बमुळे पाणी अडलं आणि त्या कोपऱ्यातलं गवत पिवळं पडलं. पाणी जायला मधे फटी सोडल्या असत्या तर एवढं झालं नसतं, म्हणून सगळा दोष कर्बला देणं बरोबर नाही. गाडी वळते त्या जागी, चाक आत येऊ नये म्हणून, मीही ते ठेवले आहेत.

आता आडवी पट्टी. वीट कडेला आडवी, म्हणजे तिची नऊ इंचांची लांबी लॉनकडून वाफ्याकडे, अशी एकीला एक लावून टाकायची. मशीनचं चाक विटांवरून चालतं आणि पातं गवताच्या शेवटच्या काडीपर्यंत पोचतं. कात्री लागत नाही. माझ्यासाठी बात इथेच संपली.

खर्चाचं म्हणाल तर चार इंच रुंदीच्या विटा 100 फुटांना 300 लागतात, तुटफूट धरून 320 आणा. पंचेचाळीस अंशात तिरप्या लावल्या तरी 280च्या आसपास जातात, त्यामुळे विटांमध्ये फारशी बचत नाही. फरक पडतो तो खोदाईत आणि खालच्या थरात.

वळण आखायला पाण्याची नळी जमिनीवर टाका आणि दिवसभर तशीच राहू द्या. वरच्या खिडकीतून एकदा बघा, मग फक्की मारा. चर साधारण आठ इंच खोल. तळाला चार इंच मुरूम, पाणी मारून धुम्मसाने नीट ठोकलेला. त्यावर इंचभर कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, त्यावर वीट, रबरी हातोड्याने बसवलेली. उतार वाफ्याकडे अगदी किंचित. विटेचा माथा मातीपेक्षा अर्धा इंच वर ठेवा, कारण दरवर्षी आपण लॉनवर लाल माती आणि शेणखत पसरतो आणि जमीन हळूहळू वर येते. मी आधी अगदी पातळीत बसवली होती, ती तिसऱ्या वर्षी उचलून पुन्हा लावावी लागली. सांध्यात सिमेंट घातलं नव्हतं, नुसती वाळू होती, म्हणून ते एका दिवसात झालं. काळ्या जमिनीत सिमेंट घालूच नका, असं मला वाटतं. जमीन हलणारच; कडेलाही थोडं हलू द्यावं.

हरळी या पट्टीवरूनही पळते, हे लपवत नाही. पण ती विटेवर उघडी दिसते. पंधरा दिवसांनी खुरपं फिरवलं की निघते. उभ्या कडेखालून ती गुपचूप गेली होती, आणि मला कळली ती गुलाबाच्या बुंध्यात कोंब वर आल्यावर. तिथून ती उपटताना गुलाबाची मुळंही हातात आली.

वीट घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा. टणटण आवाज आला पाहिजे. कमी भाजलेली वीट ओल्या मातीत दोन पावसांत भुगा होते. घराच्या उत्तरेला, सावलीत, विटांवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. तिथे मी काळ्या दगडाचे घडीव ठोकळे वापरले आहेत. महाग पडले, पण तेवढाच तुकडा आहे. कोकणात असाल तर विटांच्या फंदात पडू नका. रत्नागिरीला माझ्या मावसभावाने जांभ्या दगडाचे चिरे निम्मे कापून अशीच आडवी पट्टी घातली आहे. तिथली तांबडी माती आमच्यासारखी फुगत नाही आणि जांभा पावसात मुरून आणखी छान दिसतो. नाशिकला तो आणायचा विचार मीही केला होता, पण वाहतुकीचा आकडा ऐकून थांबलो.

काम दिवाळीच्या आसपास काढा. तेव्हा काळी माती ना फुगलेली असते, ना भेगाळलेली. पुढच्या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की सांध्यातली वाळू खाली बसते. एक घमेलं वाळू बाजूला ठेवलेली असली की झाडूने लोटून ती भरता येते.