रायगड रोपवे: चढाई वाचते, चालणं वाचत नाही

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील, तर रायगडासाठी रोपवेला पर्याय नाही. पायी जायचं तर साधारण दीड हजार पायऱ्या आणि सवयीप्रमाणे दीड-दोन तास. पाळणा तेच अंतर चार-पाच मिनिटांत कापतो. हिरकणीवाडीतल्या खालच्या स्टेशनपासून तार साधारण साडेसातशे मीटर लांब आहे आणि तेवढ्यात चारशे मीटरच्या वर उंची गाठते, म्हणजे चढ जवळजवळ अंगावर येणारा. उंचीची भीती वाटणाऱ्याला डोंगराकडे तोंड करून बसवा, दरीकडे नको. कातळ डोळ्यांसमोर असला की धीर राहतो. १९९६ साली सुरू झालेली ही सोय नसती, तर कित्येक म्हाताऱ्या माणसांना महाराजांच्या समाधीचं दर्शन घडलंच नसतं.

खरी अडचण रांगेची. इथे एक पाळणा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, दोघं एकमेकांना तोलून धरतात. पाळण्यांची अखंड माळ फिरत नाही, त्यामुळे गर्दी झाली म्हणून फेरीत जास्त माणसं नेता येत नाहीत. रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत उशिरा पोचलात, तर चार मिनिटांच्या प्रवासासाठी काही तास बसावं लागतं. सकाळी पहिल्या फेऱ्यांच्या आधी तिकीट खिडकीवर हजर राहा. परतीची रांग त्याहून फसवी, कारण उन्हं उतरली की सगळा गड एकदमच खाली निघतो. तीनच्या सुमारास वरच्या स्टेशनला आलात तर बरं. वारा वाढला किंवा विजा कडाडू लागल्या की पाळणा थांबवतात. ते योग्यच आहे, पण पावसाळ्यात परतीची वेळ घट्ट बांधून घेऊ नका. ६ जूनचा राज्याभिषेक सोहळा आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तिथीचा सोहळा, या दोन्ही दिवशी कुटुंबाला घेऊन रोपवेच्या भरवशावर जाऊ नये.

पुष्कळांचा गैरसमज असा, की वर पोचलं म्हणजे झालं. वरच्या स्टेशनपासून मेणा दरवाजाकडे पुन्हा पायऱ्याच आहेत, चाकाची खुर्ची उपयोगाची नाही. तिथून राणीवसा, मग राजसदर. २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद सदरेवर नगारखान्यापाशी उभं राहून कुजबुजलं, तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. मुलांना हे जरूर करून दाखवा, फक्त आजूबाजूचा गोंगाट थोडा थांबायला हवा. पुढे होळीचा माळ, दुतर्फा बावीस-बावीस चौथऱ्यांची बाजारपेठ आणि शेवटी जगदीश्वर. माळापासून मंदिर जवळपास किलोमीटरभर लांब आहे, सावली जवळजवळ नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी राजसदर थोडक्यात आटपावी आणि पायांतलं बळ जगदीश्वरासाठी राखावं, कारण समाधी तिथेच आहे. मंदिराच्या पायरीवरची ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची अक्षरं वाकून वाचावी लागतात. त्यांच्यावर पाय देऊ नका. टकमक टोकावर वारा जोरदार असतो. लहानांचा हात सोडू नये.

एवढं पाहायला घाई न करता साडेतीन-चार तास लागतात. माणशी किमान दीड लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत चपला हमखास घसरतात. गडावर स्थानिक मंडळींकडे ताक, लिंबू सरबत आणि पिठलं-भाकरी मिळते. भाकरी गरम हवी असेल तर जाताना सांगून ठेवा, येईपर्यंत तयार होते. पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट रोपवेच्या तिकिटाहून वेगळं असतं.

रोपवेची एक उणीव मात्र सलते: महादरवाजा चुकतो. ७५ आणि ६५ फुटांच्या दोन बुरुजांमध्ये दडवलेलं ते दार शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही, आणि रायगडाची सारी हुशारी तिथे आहे. म्हणून घरातल्या धडधाकट माणसांनी एका बाजूचं तिकीट मिळत असेल तर तेवढंच घ्यावं आणि परतताना पायऱ्यांनी उतरावं. तास-सव्वा तास पुरतो. गाडी हिरकणीवाडीत असेल तर पायऱ्या जिथे संपतात त्या चित्त दरवाजापाशी कुणीतरी आणून ठेवावी, उतरून आल्यावर तेवढा रस्ताही जड वाटतो.

मुंबईहून महाडमार्गे यावं, महाड ते गड साधारण पंचवीस किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणी घाट सोयीचा. कोकण रेल्वेने आलात तर वीर किंवा माणगाव स्टेशन. परतताना पाचाडला थांबा. जिजाऊंची समाधी रस्त्यालगतच आहे आणि तिथे चढ नाही, त्यामुळे ज्यांना गडावर जमलं नाही त्यांनाही तिथे जाता येतं.