वसई किल्ला, चर्च आणि कॉलेजची फेरी: पैसे वसूल, पण वेळ चुकीची

जेझुइटांचं (हा कॅथलिक धर्मसंघ; फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन हेही असेच संघ) चर्च आणि त्याला लागूनचं कॉलेज इथे मार्गदर्शक घाई करत नाही, हे उत्तम. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच; जेझुइटांकडे शिकले, पुढे फ्रान्सिस्कन झाले, १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर चढवले गेले, हे नीट सांगतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतल्या थडग्यांच्या शिळा मात्र भरदुपारी दाखवतात. ऊन डोक्यावर असलं की झिजलेली पोर्तुगीज अक्षरं लागतच नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, नाहीतर टॉर्च फरशीलगत आडवा धरा. पावसाळ्यात शेवाळ धरतं, चप्पल घसरते. डॉमिनिकनांच्या चर्चला जेमतेम दोन मिनिटं! जेझुइटांचा खर्च गावांच्या उत्पन्नातून चालायचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मराठ्यांच्या १७३९ च्या वेढ्यावर मात्र पाऊण तास.