२४ मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता: रंगवलेला पट्टा, गाड्यांआडचा ट्रॅक की पार्किंगच बंद?

वाद सायकल ट्रॅकवरून रंगतो, पण जागा खातं ते पार्किंग. २४ मीटरच्या रस्त्यात दोन्हीकडे अडीच मीटरचे फुटपाथ आणि ०.६ मीटरचा दुभाजक गेला की उरतात १८.४ मीटर. भांडायचं ते एवढ्यावरच.

सर्वांत स्वस्त म्हणजे दीड मीटरचा रंगवलेला पट्टा. पार्किंग दोन्हीकडे राहतं आणि वाहनांना प्रत्येक दिशेला साडेपाच मीटर मिळतात. पण गाडी लावताना आणि काढताना प्रत्येक जण पट्टा ओलांडतो, उरलेला वेळ तिथे रिक्षा थांबते. हा पर्याय फक्त कागदावर चांगला दिसतो.

दुसरा: ट्रॅक फुटपाथला लागून, गाड्या त्याच्या बाहेर. दोन मीटर ट्रॅक, अर्धा मीटर मोकळी पट्टी, मग २.२ मीटर पार्किंग. ती अर्धा मीटर वाचवू नका. डावीकडचं दार ट्रॅकच्याच बाजूला उघडतं. वाहनांना दिशेला साडेचार मीटर उरतात. बंद पडलेल्या बसशेजारून दुचाकी निघेल, कार नाही. आणखी एक मेख पी-१, पी-२ची, म्हणजे सम तारखेला एका आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याची. सम-विषम तारखांचं पार्किंग असलं तर दर दिवसाआड एका बाजूची गाड्यांची भिंतच गायब होते. तिथे एकतर ही पद्धत बंद करा, नाहीतर पक्का कर्ब (उंच कड) बांधा. चौकाआधी दहा मीटर पार्किंग तोडा, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला सायकलवाला दिसेल.

तिसरा: चारचाकी पार्किंग बंद, ट्रॅक उंचावर. दिशेला ६.७ मीटर, म्हणजे दोन नीट लेन. पीएमपीचा (पुण्यातल्या शहर बसचा) मार्ग असेल तर आमचा कौल यालाच. दुकानदारांचा विरोध होणारच. त्यांना एवढं दाखवा की साडेपाच मीटर लांबीच्या एका कारच्या जागेत पाच दुचाकी आडव्या बसतात, आणि बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवरच येतं. मधूनमधून दुचाकींचे खिसे ठेवले तर बराचसा राग निवळतो. तेवढ्या भागात लेन अरुंद होईल, म्हणून ते बसथांब्यापासून लांब हवेत.

उंच ट्रॅक बिघडतो तो सोसायटीच्या गेटपाशी. दर गेटला ट्रॅक खाली उतरवला की सायकलवाला कंटाळून रस्त्यावर येतो. ट्रॅक सपाट ठेवा, चढ गाडीला द्या. चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला आणा आणि जाळीच्या सळ्या सायकलच्या दिशेला आडव्या बसवा. उभ्या असतील तर चाक अडकतं. फीडर पिलर (रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या) आणि झाडांची जागा निविदेआधीच नकाशावर मांडा, नंतर हलवणं जमत नाही.

गाड्या ट्रॅकवर शिरू नयेत म्हणून तोंडाशी रोवलेल्या बोलार्डवर (बुटक्या खांबांवर) मात्र भिस्त ठेवू नका. स्कूटर आणि सायकलच्या हँडलच्या रुंदीत जेमतेम काही इंचांचा फरक. रिक्षा अडेल इतकं अंतर ठेवलं तर स्कूटर जाणार, स्कूटर अडवायला गेलात तर व्हीलचेअरही अडकणार.