पूर्ण मैदान दाखवणारी वर्गणी आणि ट्रे हेंड्रिक्सनचे सिनसिनाटीतील रूप

अमेरिकेतील एनएफएल या फुटबॉल लीगचे सामने भारतात पाहण्यासाठी वार्षिक वर्गणी भरून जी सेवा घ्यावी लागते, तिचा मी एक पूर्ण हंगाम देवगडात बसून वापर केला. त्याचा हा अभिप्राय आहे. सेवेचे नाव लिहिलेले नाही, कारण प्रक्षेपणाचे हक्क काही वर्षांनी एका कंपनीकडून दुसरीकडे जातात आणि पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत. शिवाय माझी गरज बहुतेक प्रेक्षकांपेक्षा वेगळी होती. मला एकाच खेळाडूविषयी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: न्यू ऑर्लिन्स सेंट्स सोडून 2021 मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे गेलेला डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीत टोकाला उभा राहून पास फेकणाऱ्यावर चाल करणारा खेळाडू) ट्रे हेंड्रिक्सन खरोखर सुधारला, की नव्या संघात तो सुधारलेला दिसला?

हा प्रश्न डोक्यात घालणारा माझा भाचा ओहायोत नोकरीला आहे आणि बेंगल्सचा कट्टर पाठीराखा आहे. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो असून कबड्डीच्या पोरांना पकडी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे बचाव करणाऱ्या खेळाडूची पारख कशी करावी, यावर आमचा दर दिवाळीला वाद ठरलेला. त्याचे म्हणणे एकच असते, “मामा, सॅकचा आकडा बघ, बाकी सगळं सोड.” क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, चेंडू फेकण्याआधीच त्याला खेळी जिथून सुरू होते त्या आरंभरेषेच्या मागे पाडणे म्हणजे सॅक, दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो. कबड्डीतील पकडीच्या गुणांइतकाच हा हिशेब सोपा आहे, आणि तितकाच फसवाही.

आमच्या भागातील मंडळांच्या स्पर्धा पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. एखादा डावा कोपरा एका मंडळाकडून खेळताना सामन्यात जेमतेम एखादी पकड करतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाकडे गेल्यावर तोच चार-चार घोटे धरतो. गावभर चर्चा होते की पोरगा तयार झाला. प्रत्यक्षात कित्येकदा पोरगा होता तिथेच असतो. नव्या मंडळातील कव्हर इतका सावध असतो की चढाईपटूला परतायला वाटच उरत नाही. याच्या उलटही घडते. कोपरा खरोखर सुधारलेला असतो, पण चढाईपटू त्याच्या बाजूला फिरकेनासे होतात आणि त्याच्या नावावरचे गुण कमी होतात. म्हणून पकड मोजण्याआधी तिच्या आसपास उभे असलेले सहा जण पाहावे लागतात, आणि नेहमीच्या दूरदर्शन प्रक्षेपणात अमेरिकन फुटबॉलचे उरलेले खेळाडू नेमके दिसत नाहीत. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि पास टिपायला दूर पळालेले खेळाडू व त्यांच्यावर पहारा ठेवणारे बचावपटू चौकटीबाहेर राहतात.

या सेवेची खरी किंमत इथे वसूल होते. थेट सामना, संपूर्ण पुनःप्रक्षेपण आणि मधला रिकामा वेळ कापून सुमारे 40 मिनिटांत बसवलेला सामना, या तीन प्रकारांखेरीज प्रशिक्षक वापरतात ते उंचावरून घेतलेले चित्रणही तिच्यात मिळते. त्यात दोन्ही संघांचे मिळून 22 खेळाडू एका चौकटीत असतात. समालोचन नसते, प्रेक्षकांचा गजर नसतो, जाहिराती नसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सीसीटीव्हीच्या चित्रणाइतके कोरडे वाटेल, माझ्या पत्नीने तर दोन मिनिटांत उठून जाताना “ह्यात बघायचं काय?” असे विचारले होते. माझ्यासाठी मात्र बाकी तिन्ही प्रकार नसते तरी चालले असते.

हेंड्रिक्सनच्या कारकिर्दीचे आकडे आधी सांगितले पाहिजेत. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातून आलेल्या या खेळाडूला सेंट्सने 2017 च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तिसऱ्या फेरीत, एकूण 103 व्या क्रमांकावर घेतले. पहिल्या तीन हंगामांत त्याचे सॅक अनुक्रमे 2, शून्य आणि 4.5 होते. चौथ्या, म्हणजे 2020 च्या हंगामात त्याने एकदम 13.5 सॅक केले आणि त्याच वेळी त्याचा करार संपला. महासाथीमुळे 2021 साठी संघांच्या पगारखर्चाची मर्यादा खाली आली होती, सेंट्सची तिजोरी आधीच ताणलेली होती, आणि बेंगल्सने चार वर्षांसाठी 6 कोटी डॉलरचा करार पुढे केला. त्याच सुमारास बेंगल्सचा स्वतःचा कार्ल लॉसन न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. लॉसनच्या नावावर 2020 मध्ये जेमतेम 5.5 सॅक होते, तरी क्वार्टरबॅकवर दडपण आणण्यात तो वरचढ मानला जात असे. साहजिकच अनेक जाणकारांना हा सौदा उलटा वाटला होता. एका हंगामाच्या आकड्यावर भुलून पैसे मोजले, असा आक्षेप होता, आणि त्या वेळच्या पुराव्यावरून मीही तोच घेतला असता.

या आक्षेपात तथ्य किती, हे तपासण्यासाठी मी संग्रहातील 2020 चे सेंट्सचे सामने आणि त्यानंतरचे बेंगल्सचे सामने एकापाठोपाठ एक लावले. न्यू ऑर्लिन्समध्ये दुसऱ्या टोकाला कॅमेरॉन जॉर्डन हा नावाजलेला खेळाडू होता. प्रतिस्पर्धी संघ आपली आखणी जॉर्डनला डोळ्यांसमोर ठेवून करत, त्यामुळे हेंड्रिक्सनला पुष्कळदा समोरच्या एकाच अडवणाऱ्याशी झुंजायला मिळे. सिनसिनाटीत परिस्थिती उलटली. त्याच्या दुसऱ्या टोकाला खेळणारा सॅम हबर्ड मेहनती आणि भरवशाचा होता, परंतु प्रतिस्पर्ध्याची झोप उडवेल असा तो नव्हता. मधल्या जागेवरचा डी. जे. रीडर धिप्पाड आणि बळकट होता, तरी त्याचे मुख्य काम चेंडू घेऊन धावणाऱ्याला थोपवण्याचे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचे लक्ष हेंड्रिक्सनवर एकवटले. समोरचा टॅकल (कडेचा अडवणारा) त्याला अडवतोच, शिवाय टाइट एंड किंवा रनिंग बॅक (त्याच संघातले चेंडू घेऊन पळणारे खेळाडू) पास टिपायला धावण्याआधी त्याला जाता जाता एक धक्का देतो. उंचावरच्या चित्रणात हा धक्का स्वच्छ दिसतो. थेट प्रक्षेपणात तो अर्ध्या क्षणात निसटतो आणि आपल्याला वाटते की हा मंदावला.

इतके ओझे अंगावर असतानाही 2021 मध्ये त्याने 14 सॅक केले. वरवर पाहता 13.5 वरून 14, म्हणजे अर्ध्याची वाढ, आणि तीही सामने 16 वरून 17 झालेल्या हंगामात. तरीही माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी सुधारणा याच वर्षातील आहे, कारण तोच आकडा त्याने अधिक कठीण जागेवरून काढला. पहिल्या पावलाचा वेग सेंट्सकडेही होता. नवे होते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलानंतरचे. अडवणाऱ्याचे हात झटकून खांदा खाली घालणे, वाट बंद झाली तर आतल्या बाजूला वळणे आणि पहिला प्रयत्न फसल्यावरही पाय थांबू न देणे, हे मला 2020 च्या चित्रणात अधूनमधून दिसले होते. 2021 नंतर ते सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतही टिकलेले दिसते. दमलेल्या खेळाडूचे तंत्र सर्वांत आधी पायांतून जाते, हे मी पोरांना सांगत आलो आहे.

संघाचा हिशेबही पाहावा. बेंगल्सचे 2020 मधील एकूण सॅक 17 होते, म्हणजे लीगमध्ये सर्वांत कमी. पुढच्याच हंगामात ते 42 झाले. याचे सगळे श्रेय एकाच खेळाडूला देणे अन्यायाचे ठरेल. बचावाचे सूत्रधार लू अनारुमो तेच राहिले तरी त्यांच्या हातातील माणसे बदलली होती आणि मागच्या फळीतील पहारा घट्ट झाला होता. 30 जानेवारी 2022 रोजी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध झालेला उपांत्य सामना मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहिला. 21–3 असे मागे पडलेल्या बेंगल्सने उत्तरार्धात बऱ्याचदा केवळ तिघांना क्वार्टरबॅकवर सोडले आणि आठ जणांना मागे पहाऱ्यावर ठेवले. पाच जण अडवायला आणि तिघे घुसायला, अशा व्यस्त हिशेबात पुढच्या तिघांचे कौतुक करावे तितके थोडे. पण वरच्या कॅमेऱ्यातून पाहिले की कळते, पॅट्रिक महोम्सच्या हातात चेंडू रेंगाळत होता तो मुख्यतः मागच्या आठांमुळे. ठरलेला वेळ संपत आला असताना हबर्डने त्याला लागोपाठ दोनदा पाडले, ते याच रेंगाळण्याचे फळ. चीफ्सला अगदी गोलरेषेजवळून मागे हटून किकवर बरोबरी साधावी लागली आणि बेंगल्सने जादा वेळेत 27–24 असा विजय मिळवला. त्यांची घोडदौड पुढे सुपर बोल या अंतिम सामन्यात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध 23–20 अशी अडली.

2022 मध्ये हेंड्रिक्सनचे सॅक 8 वर आले तेव्हा भाच्याने मला फोन करून “उतरला रे मामा” असे सुनावले होते. त्या हंगामात त्याचे मनगट मोडले होते आणि केवळ एक सामना चुकवून तो परत मैदानात उतरला होता. चित्रण पाहता तो क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचत होता, पण चेंडू निमिषभर आधी सुटत होता. अशा खेळीचा आकडेवारीच्या मुख्य रकान्यात पत्ताच नसतो. घाईत फेकलेला चेंडू मागच्या कुणा सहकाऱ्याच्या हाती लागला तर श्रेय त्याला जाते. पुढे 2023 आणि 2024 या दोन्ही हंगामांत त्याने प्रत्येकी 17.5 सॅक केले, 2024 मध्ये तो लीगमध्ये पहिला आला आणि सर्वोत्तम अकरांच्या पहिल्या संघातही निवडला गेला. भाच्याच्या मते सुधारणा इथे झाली. माझ्या मते ती आधीच झालेली होती आणि इथे तिला आकडा मिळाला.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. डिफेन्सिव्ह एंडचे अर्धे काम धावणाऱ्याला कडेने निसटू न देण्याचे असते, आणि क्वार्टरबॅकचा वास लागला की हेंड्रिक्सन कधीकधी इतका खोल घुसतो की त्याने सोडलेल्या जागेतूनच धावणारा पुढे सरकतो. आमच्याकडे याला कोपऱ्याने घाई केली असे म्हणतात. या बाबतीत सेंट्सकडचा आणि बेंगल्सकडचा हेंड्रिक्सन यांत मला फारसा फरक आढळला नाही. त्यातून 2024 मध्ये रीडर संघ सोडून डेट्रॉइटला गेल्यावर ही उणीव झाकणाराही उरला नाही.

आता सेवेच्या बाकीच्या बाबी. थेट सामन्यांची वेळ कोकणातल्या माणसाला जमण्यासारखी नाही. रविवारी दुपारी एकचा तिथला सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. 2024 चा बेंगल्सचा पहिला सामना मी दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून आल्यावर लावला. बेंगल्स 16–10 असे हरले आणि उत्तरार्धात आमची वीजही गेली. तो दोष सेवेचा नव्हे. आमच्या आंतरजालाची तार झाडाझाडांवरून आलेली असल्याने सप्टेंबरच्या सरींत ती केव्हाही दगा देते, आणि इन्व्हर्टर घरातले दिवे व पंखा सांभाळतो, गावातला जोडणीचा डबा सांभाळत नाही. सेवेने मात्र तार परत आल्यावर सामना थांबला होता तिथूनच सुरू करून दिला, ही सोय वाखाणण्यासारखी आहे.

सेवेच्या पदरात पडणारे दोष तीन आहेत. उंचावरचे चित्रण सामना संपताच मिळत नाही, त्याला वाट पाहावी लागते. आणि त्यात एखाद्या खेळाडूच्या नावाने शोध घेता येत नाही, हवी ती खेळी हाताने पुढे-मागे सरकवत शोधावी लागते. मी त्यासाठी शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आखली होती. तिसरा दोष अधिक त्रासाचा होता. हंगाम संपल्यावर वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होणार होते, ते बंद करण्याची जागा इतकी आत दडवलेली होती की ती शोधायला मला सायबर कॅफेतल्या मुलाची मदत घ्यावी लागली. ग्राहकसेवेला इंग्रजीत पाठवलेल्या दोन पत्रांना एकच साचेबंद उत्तर आले.

हंगामातला माझा सर्वांत समाधानाचा दिवस 5 जानेवारी 2025 हा होता. पिट्सबर्गमधला शनिवार रात्रीचा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला सुरू झाला, हवेत गारवा होता, वीज होती, तारही शाबूत होती. हेंड्रिक्सनने त्या एका सामन्यात साडेतीन सॅक करून 17.5 चा आकडा गाठला आणि बेंगल्स 19–17 असे जिंकले, तरी डेन्व्हरने आपला सामना जिंकल्यामुळे बाद फेरी त्यांच्या हातून गेली. सामना संपल्यावर भाच्याचा फोन आला, “आता तरी मान!” मी त्याला सांगितले की वरचे चित्रण आले की बघतो. ते आल्यावर वही घेऊन बसलो तेव्हा चहा दोनदा गार झाला.

नुसता सामन्यांचा आनंद हवा असेल, तर आपल्या वेळांना ही वर्गणी महाग पडेल. 40 मिनिटांचा सामना सकाळच्या चहाबरोबर पाहणाऱ्याला ती कदाचित परवडेल. ज्याला एखादा खेळाडू संघ बदलल्यावर कसा बदलला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचे आहे, त्याने ती जरूर घ्यावी, मात्र नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करून ठेवावे.