मॅट्रिक्स इको प्रोब : सहा महिने जवळून बघितल्यावर

गंगापूर रोडवरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिवाळीत थ्रीडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, मॅट्रिक्स प्रोब (छातीवर टेकवायचा भाग) घेतला. मशीनची देखभाल माझ्याकडे, म्हणून हे लिहितोय.

साध्या प्रोबमध्ये आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या क्रिस्टलचे तुकडे एका ओळीत असतात. इथे खोबऱ्याच्या वड्यांसारखे उभे-आडवे काप. तीन मेगाहर्ट्झला शरीरात तरंगलांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि आवाजाचा झोत (बीम) तिरका वळवताना खोटे प्रतिध्वनी नकोत तर वडी त्याच्याही निम्मी हवी. ६४ × ६४ची मांडणी धरली तर ४०९६ वड्या, त्याही दीड-पावणेदोन सेंटिमीटरच्या चौकोनात! तेवढ्या तारा ओढायच्या तर केबल उचलायला दुसरा माणूस लागेल. म्हणून शेजारशेजारच्या वड्यांचे सिग्नल मुठीतल्या चिपवरच थोडाथोडा विलंब देऊन एकत्र करतात, आणि मशीनकडे शे-दोनशे तारा जातात. पैसे त्या चिपचे, आणि प्रोब तापतो तोही तिच्यामुळेच. एप्रिलात एसी बंद पडला त्या दुपारी तापमानाची सूचना दोनदा आली. अंगाला लागणारं टोक ४३ अंशांपुढे जाऊ द्यायचं नसतं. पेशंट उठला की फ्रीज, म्हणजे चित्र थांबवायचं बटण, दाबा, एवढं मी सिस्टरना तीनदा सांगितलंय.

चित्र मात्र खरंच बघण्यासारखं. निफाडकडच्या एक आजी आल्या होत्या, संधिवाताच्या तापाने हृदयातली मायट्रल झडप आखडलेली. सर म्हणाले, "अहो, इकडे या, हे बघा." माशाच्या तोंडासारखी झडप समोरून उघडत-मिटत होती. टूडीत, म्हणजे साध्या सपाट चित्रात, काप जरा तिरका गेला की छिद्र आहे त्याहून मोठं भरतं. इथे पाकळ्यांच्या टोकाशी नेमकी पातळी धरून मोजता येतं.

पण त्याच आजींचे ठोके अनियमित. मोठा भाग हवा असला की मशीन चार ठोक्यांचे तुकडे जोडतं, आणि ठोके विषम असले की चित्रात शिवण सरकलेली दिसते. शेवटी छोटा भाग एकाच ठोक्यात घेतला. डेमोला विक्रेत्याने स्वतःच्याच धडधाकट पोऱ्याला श्वास रोखून झोपवलं होतं, तेव्हा कुठली शिवण दिसणार!

माझी अडचण वेगळी. साधा प्रोब मी पेपर क्लिपने तपासतो: जेल न लावता टोकावरून कड सरकवायची, स्क्रीनवर चमक उठली नाही तिथला तुकडा मेला. हजारो वड्यांत ही युक्ती चालत नाही.

झडपांचं काम रोजचं असेल तर घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार गुण. नुसत्या पोटाच्या सोनोग्राफीला तेलात मोटरने डोलणारा प्रोब पुरतो. फार तर त्या तेलात बुडबुडा होतो, तो मी सिरिंजने काढून देतो. मॅट्रिक्स हातातून पडला तर माझ्याकडे आणू नका. सरांच्या ट्रॉलीच्या होल्डरला मी आतून जाड रबर चिकटवलंय, ऐंशी रुपयांचं.