बोद्रुमची गुलेत घ्यावी की तिरहांदिल?

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बोद्रुम आणि बोझबुरूनला, अजूनही लाकडी बोटी बांधल्या जातात. दोन उंच डोलकाठ्यांची, स्कूनर या शिडाच्या जहाजाच्या पद्धतीची गुलेत पाहिली की जीव जडतो, आणि ते साहजिकच आहे. पण खरेदीचा विचार पक्का होत असेल, तर त्याच किनाऱ्यावरची छोटी तिरहांदिलही एकदा नीट बघा. स्वतः शिडं हाताळायची हौस असेल तर माझं मत तिरहांदिललाच.

तिरहांदिलची घडण जुनी. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं निमुळती, लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट, डोलकाठी बहुधा एकच. मासेमार आणि समुद्रतळाचे स्पंज काढणारे पाणबुडे हिच्यावर पोट भरायचे, त्यामुळे लाटांत ती भरवशाची असायलाच हवी होती. जेवात शाकिर या लेखकाला 1925 मध्ये बोद्रुमला हद्दपार केलं. पुढे तो मित्रांना घेऊन याच किनाऱ्यावर समुद्रसफरी करू लागला, त्या स्पंजवाल्यांच्या साध्या बोटींतून. आज गुलेतवर विकल्या जाणाऱ्या ‘निळ्या सफरी’ची सुरुवात तिथली.

गुलेतची मागची बाजू रुंद आणि गोलसर. पर्यटन वाढलं तशी ती लांब झाली, केबिनी वाढल्या, इंजिन मोठं झालं आणि शिडं बऱ्याच बोटींवर नावापुरती उरली. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: इंजिन बंद करून, नुसत्या शिडांवर ही शेवटची कधी चालली? उत्तर गुळमुळीत आलं तर तुम्ही डोलकाठ्या लावलेली मोटरबोट बघताय असं समजा. स्कूनर म्हणून दाखवलेली बोट खरोखर स्कूनर आहे का, हेही तपासा. स्कूनरची पुढची डोलकाठी मागचीपेक्षा आखूड किंवा तेवढीच असते. पुढची उंच असेल तर ती केच, म्हणजे वेगळ्याच प्रकारची शिडाची बोट.

खरी स्कूनर बाजूच्या वाऱ्यावर फार देखणी पळते. शिडं विभागलेली असल्याने एकेक शीड आवाक्यात राहतं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायचं म्हटलं की मात्र ती अडखळते. तुर्कस्तान आणि ग्रीसमधल्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा उत्तरेकडून दिवसचे दिवस वाहतो. दक्षिणेकडे जाताना स्वर्ग, परतताना इंजिन. तिरहांदिलही या बाबतीत काही शर्यतीची बोट नाही, पण तिची शिडं दोघं जण सांभाळतात. वीस मीटरच्या गुलेतला कप्तान, खलाशी आणि बहुधा स्वयंपाकीही लागतो, आणि त्यांचा पगार वाऱ्यावर अवलंबून नसतो.

आता डोलकाठी. इथे घाई करू नका, कारण लाकडी डोलकाठी वरून चकचकीत असताना आतून गेलेली असू शकते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी तिचं जास्त वाटोळं करतं. डेकमधून ती जिथे खाली जाते तिथलं कापडी आवरण सोडायला लावा. त्याखाली काळपट डाग दिसला तर पेचकसाचं टोक हलकेच दाबून पाहा. टोक लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर कितीही वॉर्निश मारून उपयोग नाही. मग तळाची खोबण आणि लोखंडी पट्ट्यांखालची जागा. लाकडी हातोडीने ठोकत गेलं की निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं. अखंड लाकडाच्या डोलकाठीवरच्या उभ्या भेगांना सहसा घाबरायचं कारण नसतं. आडवी भेग दिसली तर सौदा तिथेच थांबवा. गुलेतला हे सगळं दोनदा करायचं, शिवाय वरचं टोक तपासायला माणूस उंच चढवायचा.

खर्चाचा अंदाज बांधताना लांबीने फसू नका. घडण तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. रंग, वॉर्निश, लाकूड, मजुरी त्याच हिशोबाने चढतात. भूमध्य समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो किडा आहे, त्यामुळे बोट नियमित बाहेर काढून तळाला किडेप्रतिबंधक रंग द्यावाच लागतो. छोटी बोट बाहेर काढणं सोपं आणि स्वस्त.

समोरच्या ग्रीसमध्ये तिरहांदिलच्याच कुळातल्या हजारो मासेमारी बोटी, मासेमारी कमी करण्याच्या युरोपीय योजनेत, बुलडोझरने मोडल्या गेल्या. परवाना परत करून भरपाई घ्यायची, तर बोट मोडावी लागायची. म्हणून उरलेली एखादी धड तिरहांदिल कुणी प्रेमाने चालवायला घेतली की मला मनापासून बरं वाटतं.

मग गुलेत कुणी घ्यावी? दहा-बारा जणांचा गोतावळा दर उन्हाळ्यात नक्की येणार असेल, वर्षभर माणसं पोसायची तयारी असेल, त्याने. तरीही आधी एक-दोन आठवडे कप्तानासकट भाड्याने घ्या. ऑक्टोबरात गेलात तर उत्तम. 1989 पासून तेव्हा बोद्रुम कप ही लाकडी बोटींची शर्यत भरते आणि कोणत्या गुलेत खरोखर शिडांवर चालतात ते समोरच दिसतं.

भारतात राहणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंतच पैसे बाहेर नेता येतात, तेव्हा देखभालीची रक्कमही त्यातच बसवा. आणि बोद्रुमहून समोर दिसणारं कोस बेट ग्रीसचं आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे उतरायला शेंगेन व्हिसा लागतो, तो निघण्याआधीच काढा.